तार की तेल

डोंगरी सायकलीच्या डिस्क ब्रेकमध्ये बोटांचा जोर चाकापर्यंत दोन वाटांनी पोचतो. एका प्रकारात तो पोलादी तार पोचवते, दुसऱ्यात तेल. तारेचा तो मेकॅनिकल ब्रेक, तेलाचा तो हायड्रॉलिक. दोन्हींत चाकाच्या हबला पोलादी चकती बसवलेली असते आणि कॅलिपरमधले दोन पॅड ती चकती दोन्ही बाजूंनी आवळतात. फरक आहे तो लिव्हर आणि पॅड यांच्यामधल्या भागात. सायकल घेताना गिअर किती, वजन किती, याची चौकशी आधी होते. पण चढ झेपला नाही तर उतरून सायकल ढकलत नेता येते, उतारावर ब्रेक अपुरा पडला तर तशी सोय नसते. म्हणून ब्रेकची निवड नीट समजून करावी लागते.

महाराष्ट्रात सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकात सायकल शिकलेल्या माणसाच्या हाताखालून ब्रेकच्या चार पिढ्या गेल्या. पहिली पिढी दांडीच्या ब्रेकची. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या काळ्या सायकलीला, दूधवाल्याच्या आणि पोस्टमनच्या सायकलीला हाच ब्रेक असे. हँडलखालची लिव्हर आवळली की लोखंडी दांड्या ओढल्या जात आणि नालाच्या आकाराच्या पट्टीवरची दोन रबरे रिमच्या आतल्या अंगाला टेकत. यात गंजून अडकेल अशी तार नव्हती आणि पान्याने दोन नट सैल-घट्ट करता आले की दुरुस्ती जमली. पण जोर बेताचा होता, आणि पावसात क्रोमच्या ओल्या रिमवर रबर घसरत राही. त्या सायकलीवर तयार झालेला हात वळणाच्या बराच आधी ब्रेक धरायला शिकला. ब्रेक पुरला नाही तर मुले चपलेचा तळ जमिनीला घासत सायकल थांबवीत.

दुसरी पिढी तारेच्या कॅलिपर ब्रेकची. अर्नेस्ट बोडेन याने १८९६ मध्ये पेटंट घेतलेली ही तार दिसायला साधी आहे. आत पिळाची पोलादी तार आणि बाहेर स्प्रिंगसारखे गुंडाळलेले आवरण. आतली तार ओढली जाते तेवढ्याच जोराने आवरण दाबले जाते, म्हणून वळणावळणाच्या वाटेनेही ओढ शेवटपर्यंत पोचते. मात्र वाटेत थोडा जोर घर्षणात जातो, थोडा तारेच्या ताणात आणि आवरणाच्या दबण्यात. आवरणात पाणी आणि चिखल शिरला की हे नुकसान वाढते. कोकणातल्या एका पावसाळ्यानंतर लिव्हर सोडली तरी ब्रेक सुटत नाही, हा अनुभव तारेचा ब्रेक वापरणाऱ्या बहुतेकांना येतो. तारेचा हा स्वभाव पुढे मेकॅनिकल डिस्क ब्रेकनेही वारशाने घेतला.

डोंगरी सायकलीचा जन्म तर ब्रेकच्या मर्यादेशी बांधलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उतारावर १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या, जाड टायरच्या सायकलींची शर्यत सुरू झाली. सुमारे तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये साधारण ४०० मीटर खाली उतरणारी ती वाट होती. या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे आणि पॅडल उलटे दाबले की लागे. एका उतरणीत तो इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि हबमध्ये पुन्हा ग्रीस भरावे लागे. पुन्हा भरण्याच्या या कामावरूनच त्या वाटेला ‘रिपॅक’ नाव पडले. जो ब्रेझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही डोंगरी सायकलीच्या इतिहासातली नावे याच उताराशी जोडलेली आहेत. उतारावरचा वेग आणि त्यातून निघणारी उष्णता हा प्रश्न तेव्हापासून या सायकलीबरोबर आहे.

त्यावर आधी रिमच्याच ब्रेकमध्ये सुधारणा झाल्या, ती तिसरी पिढी. जर्मनीच्या मागुरा कंपनीने १९८७ मध्ये रिमवर दाबणारा हायड्रॉलिक ब्रेक आणला. शिमानोचा व्ही-ब्रेक १९९६ मध्ये आला आणि लांब भुजांमुळे तारेच्या ब्रेकची ताकद एकदम वाढली. कोरड्या वाटेवर चांगला व्ही-ब्रेक आजही कमी पडत नाही. पण रिम हा चाकाचा सर्वांत जास्त चिखलात जाणारा भाग. लाल मातीच्या वाटेवर रबर आणि रिम यांच्यामध्ये बारीक खडी अडकते, ती रिम खरवडते. चाक जरा वाकडे झाले की रबर घासू लागते. ब्रेक हबपाशी नेला की या तिन्ही अडचणी मागे पडतात. चौथ्या पिढीचा डिस्क ब्रेक सायकलीवर रुजला तो या कारणांनी.

या बदलाची किंमत मात्र जोरात मोजावी लागते. जुन्या २६ इंची डोंगरी सायकलीत रिमचा ब्रेक चाकाच्या मध्यापासून साधारण २७५ मिलिमीटरवर पकडतो. १६० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर पॅड पकडतो तो मध्यापासून ७५ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तेवढाच परिणाम साधायला चकतीवर जवळपास पावणेचार पट घर्षणबल लागते. शिवाय पॅड आणि चकती यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही अंशांचीच असते. इतक्या कमी हालचालीतून एवढा दाब निर्माण करायचा असल्यामुळे वाटेत हरवणारा थोडासा जोरही हाताला जाणवतो. तार आणि तेल यांच्यातला खरा फरक इथे सुरू होतो.

मेकॅनिकल ब्रेकमध्ये तार कॅलिपरवरची छोटी भुजा ओढते, भुजा फिरते आणि पॅड पुढे सरकतो. बहुतेक प्रकारांत एकच पॅड हलतो. तो चकतीला किंचित वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. टीआरपीच्या स्पायरसारख्या काही ब्रेकमध्ये दोन्ही पॅड हलतात, त्यामुळे पकड सारखी बसते. पॅड झिजतील तशी फट वाढते आणि ती हाताने कमी करावी लागते. स्थिर पॅड चकतीला लागेल न लागेल इतका जवळ आणायचा, मग तारेचा स्क्रू फिरवून लिव्हरची चाल ठरवायची, चाक फिरवून कान देऊन ऐकायचे. हे काम पाच मिनिटांत शिकता येते, पण ते वेळोवेळी करावेच लागते. ज्याने फट भरली नाही त्याची लिव्हर एक दिवस हँडलला टेकते.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये लिव्हर एका लहान नळकांड्यातला दट्ट्या ढकलते. तेल जवळजवळ दबत नाही, म्हणून तो दाब नळीतून जसाच्या तसा कॅलिपरमधल्या मोठ्या दट्ट्यांवर येतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ जितक्या पटीने मोठे, तितक्या पटीने जोर मोठा. पास्कलचा हा नियम शाळेच्या पुस्तकात असतो. दोन्ही बाजूंचे पॅड एकाच वेळी पुढे येतात. लिव्हर सोडल्यावर दट्ट्याभोवतीचे रबरी सील मूळ आकारात येताना दट्ट्याला किंचित मागे घेते, आणि पॅड झिजले की दट्ट्या तेवढाच पुढे राहतो. म्हणून फट आपोआप भरली जाते. याचा लाभ नुसत्या ताकदीत नाही, नियंत्रणातही आहे. एका बोटाने चाक किती धीमे करायचे ते ठरवता येते, आणि उरलेली बोटे हँडल धरायला मोकळी राहतात. निसरड्या दगडावर पुढचे चाक अडकण्याच्या सीमेवर धरून ठेवायचे असते, तिथे हा बारकावा सायकलस्वाराला वाचवतो.

दोन्ही ब्रेकना खरी परीक्षा द्यावी लागते ती उष्णतेची. पुण्याजवळच्या सिंहगडाचा घाटरस्ता साधारण ६०० मीटर उतरतो. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरले तर त्या उतरणीत सुमारे ५,३०,००० ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. खोलीच्या तापमानाचे पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी उकळीला आणायला एवढीच उष्णता लागते. वेग असेल तर यातला मोठा भाग वारा घेतो. हळू उतरले तर जवळजवळ सगळा चकत्यांवर येतो. म्हणून ब्रेक सतत हलका धरून ठेवू नये. वळणाआधी नीट दाबावा, मग पूर्ण सोडावा, म्हणजे चकतीला थंड व्हायला अवधी मिळतो. चकती मोठी घेतली तर दोन फायदे होतात. १६० ऐवजी १८० मिलिमीटरची चकती आठव्या भागाने जास्त जोर देते आणि उष्णताही जास्त पेलते. ब्रेक लावताना वजन पुढे झुकते, तेव्हा मोठी चकती आधी पुढच्या चाकाला हवी.

हायड्रॉलिकमध्ये उष्णतेचा संबंध तेलाशीही येतो. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते. होप आणि एव्हिडसारख्या ब्रेकमध्ये डॉट नावाचा ब्रेक-द्रव. डॉट द्रव हवेतला ओलावा शोषतो आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ साठी कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओल्या अवस्थेत १५५ अंश अशी मर्यादा ठरलेली आहे. तेलात वाफ झाली की लिव्हर पोकळ लागते, म्हणून हा द्रव ठरावीक काळाने बदलावा लागतो. मिनरल ऑइल ओलावा शोषत नाही, पण आत शिरलेले पाणी वेगळे राहून कॅलिपरशी साठू शकते. एका प्रकारचे तेल दुसऱ्या प्रकारच्या ब्रेकमध्ये कधीही घालू नये. सील फुगून ब्रेक निकामी होतो.

दुरुस्तीच्या बाबतीत तारेचे पारडे जड आहे. तार तुटली तर तालुक्याच्या गावात, बहुधा आठवडी बाजारातही, दुसरी मिळते आणि पाना-पक्कड असली की बसते. नळी फुटली तर त्या जागी काही करता येत नाही. आपल्याकडे पंक्चर काढणारा कारागीर सायकल उलटी करून हँडलवर उभी करतो. हायड्रॉलिकच्या तेलटाकीत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तो अशा वेळी नळीत शिरू शकतो आणि नंतर लिव्हर मऊ लागते. ती पुन्हा घट्ट करायला तेल भरून हवा बाहेर काढावी लागते, त्यासाठी सिरिंज, योग्य तेल आणि सवयीचा हात लागतो. चाक काढून सायकल बसच्या टपावर टाकताना लिव्हर चुकून दाबली गेली तर दट्ट्या बाहेर येऊन पॅड मिटतात. म्हणून पॅडच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी अडकवून ठेवावी. पुढचा ब्रेक उजव्या लिव्हरला की डाव्या, हा बदलही तारेत सहज होतो, तेलात नळ्या सोडवाव्या लागतात.

स्वस्त मेकॅनिकल डिस्क म्हणजे आपोआप चांगला ब्रेक, असा समज ‘गिअरच्या सायकली’ घराघरांत आल्यापासून पसरला आहे. तो खरा नाही. कमकुवत भुजा, दबणारे आवरण आणि पातळ चकती असेल तर असा ब्रेक चांगल्या व्ही-ब्रेकपेक्षाही मागे पडतो. एव्हिडच्या बीबी७ सारखा नीट घडवलेला मेकॅनिकल ब्रेक, न दबणारे आवरण आणि योग्य पॅड यांची गोष्ट वेगळी. पॅडमध्ये रेझिनचे पॅड शांत आणि लवकर पकडणारे असतात, चिखलात लवकर झिजतात. धातूचे सिंटर्ड पॅड चिखल आणि उष्णता जास्त सोसतात, पण आवाज करतात. कोणतेही पॅड नवे असताना पंधरा-वीस वेळा बऱ्या वेगावरून जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक लावून चकतीवर त्यांचा थर बसवावा लागतो. चेनचे तेल पॅडला लागले तर पकड जाते, आणि ती पुसून सहसा परत येत नाही.

मग निवड अशी होते. लडाख-स्पितीसारखा लांबचा प्रवास, दुकानापासून दूरचे रस्ते आणि स्वतः पाना धरणारा स्वार असेल तर चांगला मेकॅनिकल ब्रेक घ्यावा. सह्याद्रीतल्या खडकाळ, उभ्या, ओल्या वाटा नेहमीच्या असतील आणि तेल भरणारा कारागीर शहरात असेल तर हायड्रॉलिक घ्यावा. जड शरीर, लहान हात किंवा सांध्यांचे दुखणे असेल तर हायड्रॉलिकच योग्य. दांडीच्या ब्रेकवर शिकलेला माणूस आज साठीच्या आसपास आहे. त्याच्या बोटांत पूर्वीचा जोर नसतो, पण उतार ओळखणारी नजर असते. त्याच्यासाठी हा खर्च चैनीचा नव्हे. कमी जोरात पुरेशी पकड मिळाली तर त्याला डोंगरात जाणे आणखी बरीच वर्षे चालू ठेवता येते.