अंबरियाचं स्टेशन

गुडघा सुजला, म्हणून आज जियारतच्या बसने गेलो नाही. अंबरिया भागात रेंगाळलो. मदिनेत रेल्वे स्टेशन आहे, हे कितीजणांना ठाऊक असेल? काळसर दगडाचं, कमानींचं, अगदी उस्मानी थाटाचं. जवळच दोन मिनारांची अंबरिया मशीद, सुलतान अब्दुल हमीदच्या काळातली. दमास्कसहून सुमारे १३०० किलोमीटरचे रूळ १९०८ साली इथवर आले. उंटांच्या काफिल्याला चाळीसेक दिवस लागत, गाडीने तीन-चार. पुढे मक्केला मात्र रूळ गेलेच नाहीत, आणि पहिल्या महायुद्धात अरब बंडखोरांनी हा मार्ग जागोजागी उखडला.

आता या स्टेशनात संग्रहालय आहे. जुन्या रुळाच्या एका बोल्टावर गंजाचे पापुद्रे सुटले होते, नखाने निघतील असे. या रेल्वेसाठी हिंदुस्तानातल्या मुसलमानांनीही वर्गणी दिली होती. आमच्या रत्नागिरीतल्या कुणा खलाशाचा एखादा आणा त्यात असेल का?

पैगंबरांच्या रौज्यासमोर डोळे भरून येतील असं वाटलं होतं. तिथे कोरडाच राहिलो. इथे, लोखंडापाशी, गळा दाटला. श्रद्धेचं हे कसलं गणित? अम्मी रात्री फोनवर विचारेलच. तिला काय सांगावं, अजून ठरत नाही.