ल बूर्जेची दोन स्वागते

पॅरिसला गेलेला माणूस आयफेल मनोरा पाहतो, लूव्ह्र पाहतो आणि खरेदीला लागतो. शहराच्या ईशान्येला असलेल्या ल बूर्जेकडे सहसा कुणी वळत नाही. तिथल्या विमानतळावर आता जुन्या विमानांचे मोठे संग्रहालय आहे. मुलांच्या हट्टाखातर आम्ही गेलो. मुले रॉकेटांपाशी रमली; मी मात्र विमानाच्या नुसत्या चाकांपाशी खिळून राहिलो. त्यांच्यावर विमानच नव्हते!

८ मे १९२७ रोजी पहाटे नंजेसर आणि कोली हे दोन फ्रेंच वैमानिक याच मैदानावरून न्यूयॉर्कला निघाले. नंजेसर पहिल्या महायुद्धातला नामांकित वीर, तर कोलीला एकच डोळा. विमानाचे नाव ‘पांढरा पक्षी’. वजन वाचावे म्हणून उडाल्यावर त्यांनी चाके खाली सोडून दिली. उतरायचे होते न्यूयॉर्कच्या पाण्यावर. दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या काही पत्रांनी ते सुखरूप पोहोचल्याचे छापले. तिथल्या जल्लोषाचे वर्णनही दिले, अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखे! शहरात आनंदीआनंद झाला. विमान मात्र न्यूयॉर्कला पोहोचलेच नव्हते. ते आजतागायत सापडलेले नाही. ही चाके तेवढी उरली.

त्यानंतर तेराच दिवसांनी, २१ मेच्या रात्री, पंचवीस वर्षांचा अमेरिकन चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून एकट्याने साडेतेहतीस तास उडत येऊन इथे उतरला. लाखाहून अधिक माणसे जमली होती. पोलिसांची फळी मोडून ती विमानाकडे धावली. आठवण म्हणून लोकांनी विमानाचे कापडसुद्धा फाडून नेले. त्या रेटारेटीत त्याची टोपी भलत्याच एका गृहस्थाच्या डोक्यावर गेली आणि लोकांनी त्यालाच लिंडबर्ग समजून उचलून नेले! आपल्याकडच्या गर्दीला नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण मला ती नुसती हुल्लड वाटत नाही. आपल्या माणसांसाठी केलेला आनंद खोटा ठरलेला, आणि आला तो परका. तरी पॅरिसने हात आखडता घेतला नाही. त्या रात्री लोकांनी दोन्ही स्वागते एकदमच केली असावीत. १९२८ मध्ये ल बूर्जेला स्मारक उभारले, तेही ज्यांनी प्रयत्न केला आणि ज्याने तडीस नेला, त्या सर्वांचे मिळून.

लिंडबर्गलाही हे उमगले असावे. पॅरिसमध्ये हारतुरे, मेजवान्या यांची रीघ लागलेली असताना दुसऱ्याच दिवशी तो नंजेसरच्या आईला भेटायला गेला.