कन्हानकाठचा ड्रम

वीकेण्डला नागपुरात बोअर होताय? बाइक काढा, जबलपूरच्या जुन्या रस्त्याला लागा. कामठी मागे पडली की कन्हानचा पूल. इथेच नदीकाठी १८२१मध्ये इंग्रजांनी छावणी टाकली. तेव्हा ना वॉकीटॉकी, ना मोबाइल. उठा, चला, थांबा, मागे फिरा... हुकूम सुटायचे ड्रमवर!

हा ड्रम म्हणजे आपल्या ढोलकीचा गोरा चुलतभाऊच. लाकडी किंवा पितळी खोड, दोन्ही तोंडांना कातडं, त्यावर लाकडी कडं आणि वरून खाली नागमोडी ओवलेली दोरी. ढोलकीच्या दोरीत कड्या असतात, तशा इथे चामड्याच्या पट्ट्या. त्या सरकवल्या की कातडं ताणतं, आवाज खणखणीत. खालच्या पानावर आतड्याच्या तारा. ती 'खर्रर्र' त्यांचीच.

पण कातडं हवा ओळखतं. आपल्या मे महिन्यात कडक ताणतं, पावसाळ्यात ढिलं पडतं. आवाज बसला तर शेवटच्या रांगेला हुकूम कळणार कसा? म्हणून वाजवणाऱ्याला, कित्येकदा मिसरूडही न फुटलेल्या पोराला, आधी हवा कळावी लागे.

आता प्लास्टिकची पानं आली, लोखंडी स्क्रू आले. तरी गणपतीत कुणी ढोलाची दोरी ओढताना दिसला, तर दोन मिनिटं थांबा. विद्या तीच आहे, बॉस!