हेलसिंकीचे पोलादी स्मारक

फिनलंड हा युरोपच्या उत्तरेकडचा थंडीचा देश. लोकसंख्या सुमारे ५६ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. राजधानी हेलसिंकी. या शहरात समुद्राजवळ एक बाग आहे. थोर संगीतकार सिबेलियस यांचे नाव तिला दिले आहे. या बागेत त्यांचे स्मारक आहे. पण तिथे कोटातला पुतळा नाही. ६०० हून अधिक पोलादी नळ्या एकमेकींना जोडून उभ्या केल्या आहेत. वजन २४ टन, उंची साडेआठ मीटर. माणूस थेट नळ्यांच्या खाली जाऊन वर आकाश पाहू शकतो.

हे शिल्प घडविले एका स्त्रीने. त्यांचे नाव एइला हिल्टुनेन. हेलसिंकीच्या ललितकला अकादमीच्या शाळेत त्या शिकल्या. पुढे त्यांनी वेल्डिंगचे काम आत्मसात केले. स्मारकाच्या स्पर्धेत त्यांची कल्पना निवडली गेली, तेव्हा देशात मोठा वाद झाला. 'संगीतकाराचा चेहरा कुठे आहे?' असे लोक विचारू लागले. अखेर शेजारी सिबेलियस यांचा चेहराही बसविला गेला. ७ सप्टेंबर १९६७ रोजी अनावरण झाले. आज देशोदेशींचे प्रवासी हे स्मारक पाहायला येतात.

वाचकहो, कलावंत बाईने वेल्डिंग करावे याचे आपल्याला नवल वाटेल. पण त्या देशात हाताच्या कामाला जुना मान आहे. उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञांच्या प्रयत्नाने १८६६ मध्ये तेथील लोकशाळांत हस्तकला हा विषय आला. हाताने काम केल्याने मुलाची बुद्धी घडते, असे त्यांचे मत होते. १८८७ साली हेलसिंकीत आतेनेउम ही इमारत उभी राहिली. तिच्यात चित्र-शिल्पाची शाळा आणि कारागिरीची शाळा एकाच छपराखाली भरू लागल्या. आजही तेथे मुलगे आणि मुली दोघेही लाकूडकाम शिकतात आणि शिवणकामही. चित्रकला व संगीत शाळेतच मिळते. शाळेला फी नाही आणि १९४८ पासून दुपारचे जेवणही फुकट आहे. त्यामुळे कामगाराचे मूलही रंग आणि हातोडी हाती धरू शकते.

आपल्या घरात कुणी फिटर आहे, कुणी वेल्डर, कुणी सुतार. त्यांच्या हातातही ही कला आहे. मुलांचा चित्रकलेचा किंवा कार्यानुभवाचा तास 'फालतू' समजू नका. त्यांची वही आवर्जून पाहा.