मेजाची फट

वडिलांचे सागवानी मेज साताऱ्याहून दिल्लीस आणले, त्याला बरीच वर्षे झाली. इथला कोरडा उन्हाळा त्या लाकडाला कधीच मानवला नाही. वरच्या दोन फळ्यांमधला सांधा हळूहळू उकलला आणि सुतळीएवढी फट पडली. गेल्या जानेवारीत ती इपॉक्सीने भरावयास मी बसलो.

थंडीने रेझिन काकवीसारखे दाट झाले होते, म्हणून बाटली गरम पाण्यात ठेवली. इथेच चुकलो. ऊब लागताच ते पातळ झाले. शिवाय हार्डनर मिसळल्यावर त्या संयोगाची स्वतःची उष्णता असते, ती निराळीच. खालून लावलेली चिकटपट्टी खडबडीत लाकडाला पुरती बसली नव्हती. फट भरलेली दिसे आणि पाच मिनिटांत पुन्हा रिकामी होई. मी ओतीत राहिलो. हे जाते कोठे, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. खाली खण होता, आणि खणात वडिलांची पत्रे.

रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांनी मग फ्यूम्ड सिलिका दिली. पिठाहून हलकी अशी ही पांढरी पूड; नाकातोंडावर मास्क लावूनच ती हाताळावी. तिचे कण रेझिनमध्ये एकमेकांना धरून जाळे विणतात. ढवळले की जाळे तुटते, हात थांबला की पुन्हा जुळते. म्हणून श्रीखंडाइतका घट्ट लेप फटीत दाबता येतो आणि दाबला तेथेच राहतो. मात्र आधी कडांना पातळ रेझिनचा एक हात द्यावा लागतो, कारण घट्ट लेप लाकडात मुरत नाही. रंग जुळावा म्हणून सागाचा वस्त्रगाळ भुसाही घातला. आमच्याकडचा सुतार सरसात भुसा कालवून फटी बुजवीत असे. लहानपणी ते पाहिले होते. पण पोथ्यांतील गळालेल्या जागा कशा भराव्यात हे जन्मभर शिकविलेल्या माणसाला ते वेळेवर आठवले नाही.

मेज आता धड आहे. वडील कागदाच्या दोन्ही अंगांनी लिहीत. वरच्या पत्रात रेझिन मुरले तेथे कागद तेलकट, पारदर्शक झाला आहे आणि पुढच्या ओळींत मागच्या ओळी उलट्या दिसतात. आईच्या आजाराविषयीचा मजकूर त्यातूनही लागतो. त्याखालचे पत्र त्याला कायमचे चिकटले आहे. जमलेले इपॉक्सी पुन्हा वितळत नाही. ते पत्र कधीचे, हे मला आठवत नाही.