गाडीचं नाक

माझी गाडी नापास होईल, असं कधी वाटलंच नव्हतं. पीयूसी म्हणजे काय, टपरीवर पाच मिनिटं थांबायचं आणि कागद घेऊन ऑफिस गाठायचं! या वेळी मात्र कार्बन मोनॉक्साइड १.१ टक्के. बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३.

"मॅडम, ॲडजस्ट करू का?" पोऱ्याने हळूच विचारलं.

खरं सांगते, हात पर्सकडे गेला होता. तेवढ्यात लेक आठवली. संध्याकाळी मी गाडी रिव्हर्स लावते, तेव्हा ती मागे उभी राहून "ये, ये" करते. एका हाताने. दुसऱ्या हाताने नाक दाबलेलं. मी तिला 'नाटकी' म्हणायचे.

गॅरेजवाल्या काकांनी स्कॅनर लावला. दोष ऑक्सिजन सेन्सरचा. इंजिनातून निघणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय, हे तो हुंगतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. चांगल्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत नाचतो. माझा तळालाच चिकटलेला.

"गाडीला वाटतंय हवा जास्त झाली, म्हणून पेट्रोल ओततेय," काका म्हणाले. "असंच चालवलंत तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जाईल."

ॲव्हरेज १५ वरून ११ वर आलं, तेव्हा मी ट्रॅफिकला शिव्या घालत होते!

इंजिन कोमट असतानाच बावीसच्या पान्याने जुना सेन्सर सुटला. नवा बसला. पुन्हा टेस्ट : ०.१४. पास!

आता लेक दोन्ही हातांनी "ये, ये" करते.