वाऱ्याच्या स्वाधीन

आकाशात विहार करण्याची मनुष्याची हौस प्रथम फ्रान्समध्ये पुरी झाली. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी दोन गृहस्थ माँगोल्फिए बंधूंच्या उष्ण हवेच्या फुग्यात बसून पॅरिस शहरावरून सुमारे पंचवीस मिनिटे तरंगत गेले. त्यांपैकी पिलात्र द रोझिए हा १५ जून १७८५ रोजी फुग्यातूनच इंग्लंडकडे समुद्र ओलांडावयास निघाला. वारा उलटला, फुगा मागे किनाऱ्याकडे लोटला गेला, आणि थोड्याच वेळात खाली कोसळून तो प्राणास मुकला. या विद्येचा आनंद आणि तिचे भय ही दोन्ही प्रथम एकाच पुरुषाच्या वाट्यास आली!

आता ही हौस तिकीट काढून भागविता येते. आपल्याकडे लोणावळ्याच्या बाजूसही अशी उड्डाणे झालेली आहेत. परंतु टोपलीत पाय ठेवण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फुग्यास सुकाणू नाही. ज्योत वाढविली की तो चढतो, कमी केली की उतरतो. चालकाच्या हाती एवढेच. निरनिराळ्या उंचीवर वारे निरनिराळ्या दिशांचे असतात, त्यांतून सोयीचा वारा शोधणे ही त्याची कला. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठू लागतात, म्हणून उड्डाण पहाटेचे. वारा जोराचा असला तर उतरताना टोपली फरफटत जाते. वादळ आले तर फुगा त्याच्या ओढीत सापडतो. धुके असले तर विजेच्या तारा दिसत नाहीत. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात ३० जुलै २०१६ रोजी धुके व खाली उतरलेले ढग असतानाही उड्डाण झाले, फुगा तारांवर आदळला आणि सोळा माणसे गेली.

आमच्या उरणास हा विषय दूरचा वाटू नये. येथे हिवाळ्यातील पहाटेस मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दिवस चढल्यावर खारा वारा उलट येतो. म्हणजे जी वेळ फुग्यास सर्वांत अनुकूल, त्याच वेळी येथला वारा त्यास दर्यावर नेऊन सोडील! करंजा आणि मोरा येथील कोळ्यांस ही वाऱ्याची वेळापत्रके कोणा पंडिताने शिकविली नाहीत. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की शहाणा तांडेल होडी सोडीत नाही. पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेस नारळ वाहून मगच दर्यावर जातो. त्या दिवसांत घरात चणचण नसते असे नव्हे. परंतु थांबणे हा त्याच्या विद्येचाच भाग आहे.

ही विद्या बाजूस सारली की काय होते, तेही याच पाण्याने पाहिले आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ बुडाली, आणि सहाशेंहून अधिक जीव गेले. रेवस म्हणजे करंजाच्या समोरचा किनारा. लोक परदेशी निघाले नव्हते. तासा-दोन तासांत घरी पोहोचणार होते.

आमच्या मते सहलीचा खरा धोका केवळ वाऱ्यात नाही. तो ठरलेल्या दिवसाच्या आग्रहात आहे. कोळ्याची होडी पोटासाठी जाते, तरी ती थांबते. फुगा तर केवळ शोभा पाहण्यासाठी जातो, त्याने थांबण्यात कोणाचे काय अडते? परंतु पाहुणे दुरून आलेले, पैसे भरलेले, मुले पहाटे चारला उठवलेली. अशा वेळी ‘आज नाही’ हे दोन शब्द चालकास फार जड जातात. ते त्यास सहज उच्चारता यावेत, ही जबाबदारी उतारूंचीही आहे. पैसे परत मिळतील काय, हे जसे आपण आधी विचारतो, तसेच ‘गेल्या वर्षी तुम्ही किती उड्डाणे रद्द केलीत?’ असेही विचारावे. ज्याने एकही केले नसेल, त्याच्या टोपलीत आपली मुले बसवू नयेत.